चार घड्यांचं मत

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी रागात आहे. आपली कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू सहसा गोड बोलतात, जुने दिवस आठवून डोळे टिपतात. माझ्याकडून ते व्हायचं नाही. मी मतपेटी आहे, जुनी, अक्रोडाच्या लाकडाची, आणि जन्मभर माझ्या पोटात लोकांनी जे जे कोंबलं ते आठवलं की माझ्या बिजागऱ्या आजही करकरतात. ऐकायचं असेल तर ऐका, नाहीतर तो बघा, पलीकडे समईचा डबा आहे. तो फार प्रेमळ आहे, त्याची कहाणी ऐका.

सध्या माझा मुक्काम लंडनच्या हॅरो भागात, एका मराठी मंडळाच्या हॉलवर आहे. जन्म मात्र पूर्व युरोपातला. देशाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. सांगितलं की बाकीच्या देशांतली माणसं "बरं झालं, आमचा नव्हे" म्हणून हात झटकतात, आणि तसं मला कुणालाही सुटू द्यायचं नाही. तो देश तेव्हा साम्यवादी होता. पक्ष एकच. त्यामुळे त्याला नावानं हाक मारायची गरजच नसे, नुसतं 'पक्ष' म्हटलं की भागायचं.

एका लहान गावात फर्निचरचा मोठा सरकारी कारखाना होता. तिथे माझ्या फळ्या जोडल्या गेल्या. झाकणात एक लांब फट पाडली, पुढच्या बाजूला पितळी राजचिन्ह चार स्क्रूंनी ठोकून बसवलं आणि मला पॉलिश विभागात पाठवलं. तिथे रादा नावाची एक तरुण मुलगी कामाला होती. तिचा हात मला अजून आठवतो. पॉलिशचा बोळा फिरवून झाला की ती अंगठा उलट्या दिशेनं, लाकडाच्या रेषांच्या विरुद्ध, हलकेच ओढून बघायची. कुठे खरखर लागली की पुन्हा बोळा. बाकीच्या बायका डोळ्यांनी बघत, ही अंगठ्यानं.

त्या विभागाच्या सगळ्या खिडक्या खिळे मारून बंद केलेल्या होत्या. ओल्या पॉलिशवर धूळ बसते म्हणून कारखान्याच्या संचालकाचा तसा हुकूम होता. स्पिरिटच्या वासानं बायकांना भोवळ यायची, एकदोघी तर कामावरच कोसळल्या. रादा संचालकाकडे गेली, एक खिडकी तरी उघडा म्हणाली. तो म्हणाला, बघतो. मित्रांनो, 'बघतो' हा शब्द कुठल्याही भाषेत सारखाच चालतो. खिडक्या बंदच राहिल्या.

आणि मग निवडणूक आली. उमेदवार कोण? तोच संचालक. त्याच्या विरुद्ध कोण? कुणीच नाही. मतदान कारखान्याच्या कँटीनमध्येच, त्यामुळे मला फार लांब जावं लागलं नाही. बँड वाजत होता. एरवी डोळ्यांना न दिसणारी संत्री त्या दिवशी कँटीनमध्ये विकायला होती. लोक सकाळपासून नटूनथटून आले.

आता तिथली पद्धत नीट ऐका. प्रत्येकाला एक कागद मिळायचा, त्यावर एकच नाव छापलेलं. ते नाव मान्य असेल तर काहीच करायचं नाही, कागद तसाच, उघडा, माझ्या फटीत सोडायचा. मान्य नसेल तर कोपऱ्यातल्या लाल पडद्याआड जायचं आणि तिथे दोरीला बांधलेल्या पेन्सिलीनं ते नाव खोडायचं. म्हणजे पडदा होता बरं का! कुणी म्हणायला नको की गुप्त मतदान नाही. फक्त जो पडद्याकडे वळला तो सगळ्या कँटीनला दिसायचा. किती हुशार माणसं! मला तर त्यांच्या हुशारीचा आजही संताप येतो.

सगळे सरळ माझ्याकडे आले. रादा पडद्याकडे वळली.

बँडवाल्यांचा एक सूर चुकला. संचालक स्वतः माझ्या शेजारीच हात बांधून उभा होता. तो मोठ्यानं, हसत हसत म्हणाला, "अगं, एकच तर नाव आहे! पडद्याआड जायचं कशाला?"

ती थांबली नाही. आत गेली, बाहेर आली, आणि आपला कागद चार घड्या घालून, छोटासा चौकोन करून, तिनं माझ्यात टाकला. त्या दिवशी माझ्या पोटात शेकडो कागद पडले, सगळे सपाट, सगळे खोटे. एकच खरा होता आणि तो घडी घातलेला होता.

तीच घडी तिला भोवली. संध्याकाळी मला उघडलं तेव्हा त्या सपाट कागदांत तो चौकोन लगेच दिसला. संचालकानं तो दोन बोटांत धरून उलगडला, बघितला आणि कँटीनच्या शेगडीत टाकला. मतदान शंभर टक्के, सगळी मतं बाजूनं, असं जाहीर झालं, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवसापासून रादाच्या हातातला बोळा गेला आणि फावडं आलं. तिला बॉयलरच्या खोलीत कोळसा ओढायला पाठवलं होतं. तिथे खिडकी नव्हतीच, त्यामुळे उघडा म्हणायचाही प्रश्न मिटला.

पुढे ती राजवट पडली. एका सकाळी एक माणूस पकड घेऊन आला आणि माझ्या छातीवरचं राजचिन्ह त्यानं उपटून काढलं. तिथे चार भोकं आणि एक फिकट गोल डाग राहिला, तो अजून आहे. पहिल्या खऱ्या निवडणुकीला लोक माझ्यासमोर रडले. मलाही वाटलं, सुटले. किती पक्ष आले म्हणता! शेतकऱ्यांचा, कामगारांचा, हिरव्यांचा, राजा परत आणणाऱ्यांचा, राजाला कधीच परत न येऊ देणाऱ्यांचा. आणि जुना 'पक्ष'? त्यानं पाटी रंगवून घेतली. आधी तो समाजवादी झाला, मग लोकशाहीवादी, मग राष्ट्रीय काहीतरी. इमारत तीच, खुर्च्या त्याच, खुर्च्यांवरची माणसंही तीच. रंगाऱ्याला मात्र भरपूर काम मिळालं. आमचा संचालक लोकशाहीचा मोठा कैवारी म्हणून निवडून आला. संत्र्यांच्या जागी तेल आणि पिठाच्या पिशव्या आल्या, आणि कित्येक मेलेली माणसं मत द्यायला येऊ लागली. हळूहळू रांगेतली जिवंत माणसं कमी झाली. कुणी जर्मनीला गेली, कुणी इटलीला, कुणी इंग्लंडला.

राजधानीत पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेट्या आल्या तेव्हा आम्हा लाकडी पेट्यांना भंगारात न टाकता परदेशातल्या वकिलातींकडे धाडलं. अशी मी लंडनला आले. तळघरात पडून असायचे. निवडणूक आली की बाहेर काढायचे, फडक्यानं पुसायचे, पुन्हा तळघर.

आता गेल्या शरदातल्या निवडणुकीकडे येते. इथूनच माझ्या रागाला खरी धार चढली.

या वेळी परदेशात राहणारी आमची माणसं चिडलेली होती आणि ती सत्तेतल्या पक्षाच्या विरोधात मत देणार हे पक्षाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मग काय करावं? मतदान बंद करावं? छे, आता लोकशाही आहे! फक्त मतदानकेंद्रं कमी ठेवायची. वायव्य लंडनपासून ब्रिस्टलपर्यंतच्या सगळ्यांसाठी हॅरोतला हा एक हॉल भाड्यानं घेतला. तीन टेबलं मांडली, त्यातलं एकच चालू ठेवलं. टेबलामागे वकिलातीचा एक निळ्या टायचा अधिकारी बसला. प्रत्येकाचा पासपोर्ट तो असा न्याहाळायचा की जणू त्यात कादंबरी छापली आहे.

मी दाराच्या समोरच होते. दार काचेचं. बाहेरची रांग मला स्पष्ट दिसत होती. बांधकामावरचे, बेकरीतले, हॉस्पिटलमधले, म्हाताऱ्यांची सेवा करणारे, ब्रिस्टलहून कोचनं आलेले. रांग पदपथावरून पार कोपऱ्याला वळली होती.

दुपारी हॉलची किल्ली सांभाळणारे उदयकाका एका म्हातारीला हाताला धरून आत घेऊन आले. उदयकाका म्हणजे मराठी मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त इंजिनियर, सदा कामात असलेला माणूस. म्हातारीचे गुडघे दुखत होते, तिला दोन मिनिटं खुर्ची द्यावी एवढाच त्यांचा हेतू. तिच्यासोबत तिचा जावई पुष्कर होता, मूळचा पुण्याचा, आता इथल्या शेजारच्या पिनरचा. आणि नात मायरा, जी ब्रिस्टलला शिकते आणि आजीसाठी शनिवार-रविवार घरी आली होती.

म्हातारी खुर्चीत बसली नाही. ती सरळ माझ्याकडे आली. छातीवरचा फिकट डाग तिनं बघितला. मग अंगठा माझ्या झाकणाच्या कडेवरून उलट्या दिशेनं, रेषांच्या विरुद्ध, हलकेच ओढला.

मित्रांनो, लाकडाला रडता येत नाही हे त्या क्षणी बरंच झालं. रादा! सत्तरी गाठलेली, पाठीत वाकलेली, पण अंगठा तोच.

"पेटीला हात लावू नका," अधिकारी आमच्या भाषेत खेकसला. तिनं हात काढून घेतला.

मला पुढे कळलं ते आत्ताच सांगते, म्हणजे तुम्हाला सगळं नीट समजेल. त्या कँटीननंतर रादानं कधीच मत दिलं नव्हतं. राजवट पडल्यावरही नाही. माझा कागद पुन्हा कुणी दोन बोटांत धरून उलगडायला नको, असं म्हणायची. लेक मिलेना नर्स होऊन इंग्लंडला आली, पुष्करशी लग्न केलं. मायराला सांभाळायला रादा इकडे आली आणि राहिलीच. तिला जावयाच्या घरातलं मराठीही थोडं येऊ लागलं, 'बास', 'कशाला', 'पडदा ओढ' एवढं. मतदानाचं नाव काढलं की मात्र उठून स्वयंपाकघरात जायची. पण या वेळी सत्तेतल्या पक्षाच्या यादीत पहिलं नाव त्या संचालकाच्या मुलाचं होतं. ते तिनं टीव्हीवर बघितलं आणि म्हणाली, मला घेऊन चला. त्या घराण्याच्या विरुद्ध एकदा तरी मोजलं जाईल असं मत द्यायचं आणि मगच डोळे मिटायचे, एवढंच तिला हवं होतं. सकाळपासून ती रांगेत उभी होती.

उदयकाकांना तिची दया आली. आणि तिथेच घोळ झाला.

"अहो आजी, एवढ्या थंडीत कशाला उभ्या राहताय?" ते म्हणाले. "पुष्कर, यांना घरी घेऊन जा रे. जेवू दे, जरा रेस्ट घेऊ दे. ईव्हिनिंगला या. क्लोजिंग टाइमच्या आधी क्यूमध्ये असलात की झालं."

"शुअर ना, काका?" पुष्करनं विचारलं.

"हंड्रेड पर्सेंट! दार बंद व्हायच्या वेळी जो क्यूमध्ये आहे त्याला व्होट मिळतंच. मी दर काउन्सिल इलेक्शनला पोल क्लर्क असतो, याच हॉलमध्ये. रूलच आहे तसा."

"आजी म्हणतो, ती इथेच थांबणार," मायरा तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली. "तिला क्यू सोडायचा नाही आहे, डॅड."

"अगं, पण गुडघे बघ तिचे," पुष्कर म्हणाला.

मायरानं उदयकाकांचं म्हणणं आजीला समजावून सांगितलं. रादानं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. इंग्लंडात इतकी वर्षं काढली होती तिनं. बसच्या रांगेत, पोस्टाच्या रांगेत, दवाखान्यात, कुणी तिचा नंबर हिसकावला नव्हता. या देशात रांग पाळतात, हे तिला पटलेलं होतं. शेवटी तिनं मान हलवली.

मी आतल्या आत ओरडत होते. अगं नको जाऊस! उदयकाका खोटं बोलत नाहीत, पण ते सांगतायत तो नियम त्यांच्या देशाचा आहे. आज या चार भिंतींच्या आत त्यांचा देश नाही. टेबलावर ठेवलेला तो छोटा झेंडा बघ! पण पेटीच्या ओरडण्याला कोण विचारतो? ती गेली. तिच्या मागे उभा असलेला बेकरीवाला पोरगा तिन्हीसांजेला मत देऊन, शीळ घालत घरी गेला. ती थांबली असती तर तीही गेली असती.

संध्याकाळी ती परत आली, चांगला कोट घालून, डोक्याला फुलांचा रुमाल बांधून. रांग आता दुपारपेक्षाही लांब होती. लोक गाणी म्हणत होते. मग वेळ संपली. अधिकाऱ्यानं घड्याळ बघितलं, उठला आणि काचेचं दार आतून लावून घेतलं.

आधी बाहेर कुणाला कळेचना. मग दारावर थापा पडू लागल्या. उदयकाका धावत आले.

"एक्स्क्यूज मी, बाहेर लोक आहेत! जे क्यूमध्ये आहेत त्यांना तरी आत घ्या!"

"आमच्या कायद्यात तसं काही नाही," अधिकारी इंग्रजीत म्हणाला.

"अहो, पण हॉलचं बुकिंग अजून शिल्लक आहे! लाइट आहेत, मी आहे, वाटलं तर सगळ्यांना चहा करतो. तुम्हाला अडचण काय आहे?"

"हॉल तुमचा आहे," तो टाय सरळ करत म्हणाला. "इलेक्शन आमचं."

उदयकाकांचा चेहरा असा झाला की मला त्यांच्यावर रागावताही येईना. त्यांनी दाराकडे बघितलं. काचेच्या पलीकडे रादा उभी होती, हात काचेवर टेकवलेला. ती थापा मारत नव्हती, ओरडत नव्हती. ती फक्त माझ्याकडे बघत होती. मी अर्धी रिकामी होते, मित्रांनो. कँटीनमध्ये मला काठोकाठ भरलं होतं, झाकण लागत नव्हतं, आणि तेव्हा त्या सगळ्याला काडीची किंमत नव्हती. आज ज्यांच्या मताला किंमत होती ती माणसं दाराबाहेर होती आणि माझ्यात जागाच जागा होती!

मोजणीच्या वेळी अधिकाऱ्यानं घाईघाईत मला टेबलावर उपडं आपटलं. माझी एक बिजागरी तुटली. मतं पिशवीत भरून तो निघून गेला, मला तिथेच कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून. त्याचा पक्ष जिंकला. थोडक्याच मतांनी जिंकला, आणि किती मतं काचेच्या पलीकडे राहिली ती कुणी मोजली नाहीत. संचालकाचा मुलगा आता मंत्री आहे. परवा म्हणे कुठल्याशा भाषणात म्हणाला, आमचा लोकशाहीवर अढळ विश्वास आहे. कसा नसेल!

मला उदयकाकांनी उचललं आणि मंडळाच्या सामानाच्या खोलीत ठेवलं. गणपतीचं मखर, फोल्डिंगच्या खुर्च्या, झांजा आणि मी. संक्रांतीला मला बाहेर काढलं, बिजागरी बसवली, छातीवरच्या डागावर 'लकी ड्रॉ' असं रंगीत लेबल चिकटवलं आणि हळदीकुंकवाच्या चिठ्ठ्या माझ्यात टाकल्या. पहिलं बक्षीस मिक्सर. मी काय बोलणार? निदान चिठ्ठ्या खऱ्या होत्या.

आणि मग पाडवा आला. सकाळी गुढी, दुपारी श्रीखंड-पुरी आणि मधल्या वेळात मंडळाची वार्षिक सभा. लकी ड्रॉसाठी मला स्टेजच्या कडेला ठेवलं होतं. समोर सगळा हॉल भरलेला. तिसऱ्या ओळीत पुष्कर, मिलेना, मायरा, आणि शेवटच्या खुर्चीत रादा. त्यांची फॅमिली मेंबरशिप होती, त्यात सासूबाईंचंही नाव होतं.

खजिनदार कमलाकर माइकवर आले. "तर आता अध्यक्षपद. नेहमीप्रमाणे उदयरावांचंच नाव आहे. दुसरं कुणाचं आलेलं नाही, येणारही नाही, कारण एवढं काम कोण करणार?" लोक हसले. "तेव्हा सालाबादप्रमाणे बिनविरोध! हात वर करा आणि टाळ्या वाजवा, म्हणजे पुऱ्या गरम असताना बसता येईल."

बिनविरोध! किती कौतुकानं म्हणतात हा शब्द! जणू घरात भांडण नसल्याची पावतीच. मी हा शब्द बँडच्या तालावर ऐकलेला आहे. हात वर जायला लागले.

तेवढ्यात रादा उठून उभी राहिली. तिला कार्यक्रमातलं किती समजलं होतं कोण जाणे, पण एक नाव आणि वर गेलेले हात तिला समजले होते. ती मराठीत, मोठ्यानं म्हणाली, "पडदा कुठे?"

उदयकाका हसत, अगदी मायेनं पुढे आले. "अहो आजी, एकच तर नाव आहे! पडदा कशाला?"

मित्रांनो, माझं लाकूड तडकायचं तेवढं बाकी राहिलं. शब्द तेच. चेहऱ्यावर हसूही तेच. एवढाच फरक की बोलणारा माणूस चांगला होता, आणि खरं सांगू, त्यानं माझा राग कमी झाला नाही, वाढला. वाईट माणसाकडून ते वाक्य येणारच. चांगल्या माणसाच्या तोंडी ते इतक्या सहज कसं येतं?

रादा खुर्चीची पाठ धरून उभीच राहिली. मिलेना तिचा हात धरून खाली बसवू लागली. मायरा मात्र उठली आणि थेट माइकपाशी गेली.

"सॉरी, माझा मराठी चांगला नाही आहे," ती म्हणाली. "पण हे सेम सेन्टेन्स आजीला आधी कोणीतरी बोलला होता. तिच्या फॅक्टरीत. याच बॉक्सच्या समोर." मग शरदातल्या त्या रात्री आजीनं पहिल्यांदाच तिला जे सांगितलं होतं ते सगळं तिनं सांगितलं, अडखळत, अर्धं इंग्रजीत. खिळे मारलेल्या खिडक्या, लाल पडदा, घडी, शेगडी, फावडं. "आणि लास्ट ऑटमला ती परत आली, आणि आपण तिला घरी पाठवला. उदयकाका, तुम्ही काइंड होता, आय नो. पण ती घरी गेली आणि डोअर बंद झाला. तिचा मत कुठेच नाही आहे. तर आज प्लीज पडदा द्या ना."

कमलाकर घड्याळाकडे बघत पुटपुटले, "पण पुऱ्या..."

"पुऱ्या गार होऊ देत!" उदयकाका ओरडले. त्यांना ओरडताना मंडळात कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले होते. ते माझ्याकडे आले आणि 'लकी ड्रॉ'चं लेबल त्यांनी ओरबाडून काढलं, थोडं लाकूडही सोललं, पण मी काही म्हटलं नाही. मग त्यांनी स्टेजचा पडदा ओढला, नाटकाचा, मरून रंगाचा, आणि आत एक टेबल आणि एक पेन ठेवलं. पेन दोरीला बांधलं नाही. ऑफिसातून कोरे कागद आणून त्यांचे सारखे तुकडे केले.

"प्रत्येकानं पडद्याआड जायचं," ते म्हणाले. "मी हवा असेन तर बरोबरची खूण, नको असेन तर फुली. पडद्याआड सगळ्यांनीच जायचं, कुणीही सरळ पेटीकडे यायचं नाही. आणि लाइनीतला शेवटचा माणूस मत देईपर्यंत हे दार बंद होणार नाही. मी स्वतः दारात उभा राहतो." आणि ते खरंच जाऊन काचेचं दार सताड उघडून तिथे उभे राहिले. आत थंड वारा शिरला तरी कुणी तक्रार केली नाही.

रादा पहिली. ती पडद्याआड गेली, बाहेर आली. कागदाला चार घड्या, छोटासा चौकोन. माझ्या फटीशी तिचा हात थांबला. ती घाबरली होती. इतक्या वर्षांनंतर, सगळी माणसं आपली, नात शेजारी, आणि तरी माझ्या शेजारी कुणी हात बांधून उभं नाही ना, हे ती बघत होती. एका माणसात एवढी भीती पेरून ठेवतात आणि वर म्हणतात, झालं गेलं विसरा.

मायरानं ते बघितलं. तिनं आपला कोरा कागद उंच धरला आणि रांगेला सांगितलं, "एव्हरीवन, असाच घडी घाला. चार वेळा. सगळे सेम."

रादानं कागद आत सोडला. मग मायराचा चौकोन पडला, मग पुष्करचा, मिलेनाचा, कमलाकरांचा, रांगेतल्या एकेकाचा. कुणी नीट कोपरे जुळवून, कुणी नखानं दाबून, लहान मुलांना शिकवावं तसं एकमेकांना दाखवत. श्रीखंड वाट बघत राहिलं.

मोजायच्या वेळी उदयकाकांनी मला उचललं, आपटलं नाही, हळूच टेबलावर तिरकं केलं. सगळे चौकोन एकमेकांवर घरंगळत बाहेर आले. त्यांनी एकेक उलगडून स्वतःच मोठ्यानं वाचला. बरोबर. बरोबर. फुली. बरोबर. फुली. फुल्या होत्या, आणि अगदी एखाददुसरी नव्हती. प्रत्येक फुलीला त्यांचे कान थोडे आणखी लाल होत होते, पण त्यांनी एकही गिळली नाही. ते निवडून आले. टाळ्या नेहमीपेक्षा कमी वाजल्या, पण मला त्या पहिल्यांदा खऱ्या वाटल्या.

आणि रादाचा कागद? मित्रांनो, मी तो शोधला. फार शोधला. ज्या घडीमुळे कँटीनमध्ये मी तिचा कागद एका नजरेत ओळखला होता, जिच्यामुळे त्यांनीही तिला ओळखलं होतं, ती घडी आता प्रत्येक कागदाला होती. तिनं बरोबर केली की फुली, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. ती तिसऱ्या ओळीत बसून पुरी खात होती आणि कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं.

याचा अर्थ माझा राग गेला असं समजू नका. शरदात काचेबाहेर राहिलेली माणसं बाहेरच राहिली. त्या मंत्र्याला मंडळाच्या सभेनं काय फरक पडतो? तो रोज सकाळी अढळ विश्वासानं दात घासत असेल. मी रागावलेली राहणार आहे, माझं लाकूड टिकेल तोवर.

तुमच्याकडून मला तेल नको, पॉलिश नको, काचेच्या कपाटात तर मुळीच ठेवू नका. तेवढं पॉलिश मला एकीनं लावलेलं आहे, ते पुरेल. मला वापरा. तुमच्या मंडळात, सोसायटीत, शाळेत, देशात. माझ्यापर्यंत येणाऱ्या रांगेतलं शेवटचं माणूस आत येईपर्यंत दारात कुणीतरी उभं राहा. आणि एकच नाव लिहिलेला कागद घेऊन कुणी हसत हसत तुमच्याकडे आलं, वाईट माणूस असो की चांगला, तर टाळ्या वाजवायच्या आधी उभे राहा आणि मोठ्यानं विचारा, पडदा कुठे?